डोळस वैद्य गार्सिया द ओर्ता

प्रवरा नदीच्या काठी वसलेल्या बेलापूरच्या शिवारात ओसाड जागी, बांधाच्या कडेला किंवा उकिरड्याच्या आसपास धोतऱ्याचे झुडूप सहज दृष्टीस पडते. त्याची कर्ण्यासारखी लांबट फुले आणि काटेरी बोंडे आपल्याकडील मुलांच्या चांगल्या ओळखीची असतात. महाशिवरात्रीस ही फुले शंकराला वाहतात. परंतु हेच झुडूप अत्यंत विषारी आहे. त्याचे पान, फूल, मूळ किंवा बी यांपैकी काहीही पोटात गेले, तर माणसाचे भान हरपते आणि प्रसंगी प्राणही जातो. हे विष अंगात भिनलेल्या माणसाची अवस्था कशी होते आणि त्याला कसे वाचवावे, हे साडेचारशे वर्षांपूर्वी एका वैद्याने स्वतःच्या अनुभवावरून लिहून ठेवले. तो युरोपातून आला होता आणि गोव्यात राहत असे. ज्या निजामशाहीत बेलापूरचा परिसर मोडत होता, त्या निजामशाहीच्या सुलतानाचा तो चिकित्सक व स्नेही होता. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

गार्सियाचा जन्म इ. स. १५०१ च्या सुमारास पोर्तुगाल देशातील कास्तेलो द व्हीद या गावी झाला. हे गाव स्पेनच्या सरहद्दीजवळ डोंगरावर वसलेले आहे. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू होते. इ. स. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढले, की सर्व ज्यूंनी ख्रिस्ती व्हावे, नाहीतर देश सोडावा. हजारो कुटुंबांनी आपली घरेदारे सोडून शेजारच्या पोर्तुगालचा आश्रय घेतला. गार्सियाचे आईवडीलही त्यांत होते. परंतु पाचच वर्षांनी तेथेही तोच प्रसंग ओढवला. इ. स. १४९७ मध्ये पोर्तुगालमधील ज्यूंना बळजबरीने ख्रिस्ती करण्यात आले. या लोकांना नवे ख्रिस्ती म्हणत. ते देवळात जात, प्रार्थना करीत. तरी शेजारीपाजारी त्यांच्याकडे संशयाने पाहत. लहानग्या गार्सियाने या संशयाच्या छायेतच डोळे उघडले. मनातील गोष्ट ओठावर येऊ न देण्याचा धडा त्या घरातील मुलांना फार लवकर शिकावा लागला असेल.

वडील व्यापार करीत. मुलगा बुद्धिमान आहे हे पाहून त्यांनी त्याला उच्च शिक्षणासाठी स्पेनमध्ये पाठविले. सालामांका व अल्काला या नामांकित विद्यापीठांत गार्सियाने वैद्यकाचा अभ्यास केला. त्या काळचे वैद्यकशिक्षण म्हणजे बहुतांशी जुन्या ग्रंथांचे पठण होते. ग्रीक वैद्य गेलन याने अमुक लिहिले आहे, डायोस्कोरिडीझ याने तमुक सांगितले आहे, इराणी पंडित इब्न सीना याचे मत असे आहे, एवढे मुखोद्गत झाले की विद्यार्थी वैद्य झाला! रोग्याच्या उशाशी बसून रोग पाहावा, वनस्पती स्वतः हाती घेऊन तपासावी, ही रीत अजून रुजली नव्हती. मिरी, आले, हळद, वेलदोडे, कापूर ही पूर्वेकडील औषधे युरोपातील वैद्य रोज वापरीत. परंतु ती कोणत्या झाडापासून मिळतात, ते झाड कसे दिसते, हे त्यांच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.

शिक्षण संपवून गार्सिया मायदेशी परतला. काही वर्षे त्याने आपल्या गावी व्यवसाय केला. पुढे तो लिस्बन शहरी आला आणि इ. स. १५३० मध्ये तेथील विद्यापीठात अध्यापक झाला. राजदरबारीही त्याला मान मिळाला. अशा स्थितीत दुसरा कोणी असता तर सुखाने तेथेच राहिला असता. परंतु नव्या ख्रिस्ती लोकांभोवतीचा फास दिवसेंदिवस आवळत चालला होता. स्पेनमध्ये धर्मन्यायालये होती. जो मनाने अजून जुन्या धर्माचा आहे असा संशय येई, त्याची चौकशी करून त्याला कठोर शिक्षा देणे, हे या न्यायालयांचे काम. पोर्तुगालमध्येही तशी न्यायालये येणार, अशी चिन्हे दिसत होती. दुसरीकडे, ग्रंथांत केवळ नावाने भेटणाऱ्या वनस्पती प्रत्यक्ष पाहाव्यात, अशी उत्कंठाही त्याच्या मनात होती. मार्तिम अफोन्सो द सोझा नावाचा सरदार आरमार घेऊन हिंदुस्थानाकडे निघाला होता. त्याचा वैद्य म्हणून गार्सिया जहाजावर चढला. इ. स. १५३४ च्या मार्च महिन्यात त्याने लिस्बन सोडले आणि आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरात तो गोव्यास पोहोचला. दोनच वर्षांनी, इ. स. १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले. गार्सिया त्यानंतर मायदेशी कधीही परतला नाही.

पहिली चार वर्षे तो आपल्या सरदाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर हिंडला. दीव, काठेवाड, वसई हा सारा मुलूख त्याने पाहिला. मोहिमेत जखमींवर व रोग्यांवर उपचार करावेत आणि सवड मिळेल तेव्हा झाडपाला, फळे, मुळ्या यांची चौकशी करावी, असा त्याचा क्रम असे. इ. स. १५३८ मध्ये त्याने गोव्यात कायमचे घर केले. सरदारांपासून सामान्य माणसांपर्यंत सर्व थरांतील रोगी त्याच्याकडे येऊ लागले. औषधी वनस्पतींची त्याने स्वतः बाग लावली. अनेक देशांचे व्यापारी गोव्याच्या बाजारात येत. गार्सिया त्यांच्याकडून माल घेई आणि त्याबरोबर माहितीही घेई. मोलुक्का बेटांची लवंग, सिंहलद्वीपाची दालचिनी, अरबस्थानचा धूप यांचे नमुने त्याच्या घरी जमू लागले.

येथील वैद्यांना त्याने कमी लेखले नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. युरोपातून येणारे बहुतेक लोक स्वतःला शहाणे व इतरांना अडाणी समजत. गार्सिया मात्र हिंदू वैद्य व मुसलमान हकीम यांच्याकडे जाऊन एखाद्या विद्यार्थ्यासारखा प्रश्न विचारी. या औषधाला तुमच्या भाषेत काय म्हणतात? ते कोणत्या रोगावर देता? किती देता? आलेले उत्तर तो मनात नोंदवी आणि नंतर रोग्याला गुण येतो की नाही, हे स्वतः पाही.

अशा वैद्याची कीर्ती गोव्याच्या सीमेत मावणे शक्य नव्हते. घाटावर अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे निजामशाहीचे वैभवशाली नगर होते. मलिक अहमद याने त्याचा पाया घातला होता. त्याचा पुत्र बुऱ्हाण निजामशहा लहानपणीच गादीवर आला होता. तो विद्येचा भोक्ता होता आणि त्याच्या दरबारी इराण व अरबस्थानातून आलेले हकीम व पंडित असत. बुऱ्हाणशहाने गार्सियाला नगरला बोलाविले. पुढे दोघांचा दाट स्नेह जडला आणि गार्सिया घाट चढून अनेकदा नगरला येऊ लागला. सुलतान त्याला रोगांची व औषधांची अरबी नावे सांगे. गार्सिया त्याला तीच नावे लॅटिन भाषेत शिकवी. एक राजा, दुसरा परदेशी वैद्य. एक मुसलमान, दुसरा ख्रिस्ती म्हणून वावरणारा ज्यू. तरी दोघेही एकमेकांचे गुरू व एकमेकांचे शिष्य झाले. गार्सियाने नगरलाच राहावे म्हणून सुलतानाने त्याला फार मोठे वेतन देऊ केले. परंतु त्याने ते नम्रपणे नाकारले.

नगरच्या दरबारात त्याने एक विलक्षण माणूस पाहिला. तो सुलतानाचा चिटणीस होता व मूळचा खुरासानचा होता. हा गृहस्थ दररोज सुमारे तीन तोळे अफू खाई! अफूची सवय नसलेल्या माणसाला त्याच्या अल्पांशानेही मृत्यू यावा. हा चिटणीस मात्र सदा पेंगत असे, पण कोणी काही विचारले की विद्वानाला शोभेल असे उत्तर देई. गार्सियाने या प्रसंगातून योग्य तो बोध घेतला. विष म्हणजे केवळ एखादा पदार्थ नव्हे. तो किती घेतला, कोणी घेतला आणि घेणाऱ्याला त्याची किती सवय आहे, यावर त्याचा परिणाम ठरतो. आणि ज्याला ही सवय जडली, त्याची त्यातून सुटका नसते, हेही त्याने पाहिले. त्याच काळी युरोपात पॅरासेल्सस नावाच्या वैद्यानेही असाच विचार मांडला होता, की विष आणि औषध यांत फरक असतो तो मात्रेचा. विषशास्त्राचा पाया आजही याच विचारावर उभा आहे.

आता धोतऱ्याची हकिकत पाहू. त्या काळी गोव्यात चोरीचा एक कपटी प्रकार चालत असे. घरातील एखादा नोकर फितूर होई आणि धन्याच्या अन्नात धोतरा मिसळी. अशाच एका घरी मोलकरणीने मालकिणीला धोतरा खाऊ घालून तिचे दागिने लांबविले आणि गार्सियाला तातडीने बोलावणे आले. अशा रोग्यांचे त्याने केलेले वर्णन वाचले की त्याच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक वाटते. रोगी सारखा हसत राहतो. तो फार थोडे बोलतो आणि जे बोलतो त्याला काही अर्थ नसतो. डोळ्यांदेखत कोणी दागिने काढून नेले तरी तो हरकत घेत नाही. पाहणाऱ्याला वाटते, याला भूतबाधा झाली असावी. गार्सियाने ही भूतबाधा मानली नाही. हे विष आहे, ते पोटातून आले आहे, तेव्हा ते आधी पोटातून काढले पाहिजे, असा सरळ विचार त्याने केला. रोग्याला वांती करवावी, बस्ती देऊन आतडी धुवावी, अंग जोराने चोळावे आणि त्याच्याजवळून हलू नये, असा त्याचा उपचार असे. असे रोगी बहुधा एका दिवसात शुद्धीवर येत, असा अनुभव त्याने नमूद केला आहे.

आज आपल्याला याचे कारण ठाऊक आहे. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन व स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. आपल्या मज्जातंतूंचे निरोप स्नायूंना व ग्रंथींना पोहोचविण्याचे काम शरीरातील एक रसायन करीत असते. ही द्रव्ये त्या निरोपांची वाट अडवितात. म्हणून तोंड कोरडे पडते, डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, नाडी जलद चालते आणि रोगी भ्रमिष्टासारखा वागू लागतो. गंमत अशी, की हेच अ‍ॅट्रोपिन दुसऱ्या विषावरचा उतारा आहे. पिकांवर फवारली जाणारी काही कीटकनाशके श्वासावाटे किंवा कातडीवाटे अंगात गेली, तर मज्जातंतूंच्या निरोपांचा अतिरेक होतो. रोग्याच्या तोंडाला फेस येतो, छातीत पाणी दाटते आणि श्वास कोंडतो. तेव्हा डॉक्टर अ‍ॅट्रोपिनच टोचून त्याचा जीव वाचवितात. गार्सियाच्या काळी वांती करविणे हाच मोठा उपाय होता. आज मात्र कोणाच्या पोटात विष गेल्यास घरी वांती करविण्यात वेळ न घालविता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि त्याने काय खाल्ले तो पदार्थही सोबत न्यावा, हेच योग्य होय.

गार्सियाच्या नोंदींत आणखी एका भयंकर रोगाचे वर्णन आहे. इ. स. १५४३ मध्ये गोव्यात पटकीची मोठी साथ येऊन गेली होती. आपल्याकडे या रोगाला मोडशी असेही म्हणत. पोर्तुगीजांनी या शब्दाचे आपल्या उच्चाराप्रमाणे मोर्देशी असे रूप केले आणि पुढे फ्रेंचांनी त्याचा अपभ्रंश करून कुत्र्याचे मरण अशा अर्थाचा शब्द बनविला. गार्सिया रोग्याची नाडी पाही; ती बुडालेली लागे. अंग गार पडलेले, डोळे खोल गेलेले, तहान न शमणारी, हातापायांत गोळे येत असलेले, असे त्याचे वर्णन आहे. आशियातील पटकीचे युरोपीय वैद्याने प्रत्यक्ष पाहून केलेले अगदी आरंभीचे वर्णन म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याला मान आहे. येथील लोक अशा रोग्याला मिरी व जिरे घातलेली भाताची पेज पाजतात, असेही त्याने लिहून ठेवले. पटकीसुद्धा विषाचाच खेळ आहे, हे पुढे फार उशिरा कळले. या रोगाचे जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि त्यामुळे शरीरातील पाणी वाहून जाते, हे कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ दे यांनी इ. स. १९५९ मध्ये सिद्ध केले. आज पटकीच्या रोग्याला मीठ व साखर घातलेले पाणी पाजतात. काही ठिकाणी तांदळाच्या पेजेपासूनही तसे पेय बनवितात. तेव्हा गार्सियाने टिपून ठेवलेला तो घरगुती उपाय अगदीच टाकाऊ नव्हता.

याचा अर्थ गार्सिया कधी चुकलाच नाही, असा नव्हे. सापाच्या विषावर सर्पकाष्ठ नावाची मुळी गुणकारी असते, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. सिंहलद्वीपात मुंगूस नागाशी झुंजण्यापूर्वी ही मुळी चावून खाते, अशी कथा सांगत. ही कथा गार्सियाने खरी मानून लिहिली. बोकडाच्या पोटात सापडणारा बेझोअर नावाचा खडा सर्व विषांवर उतारा आहे, यावरही त्या काळच्या इतर वैद्यांप्रमाणे त्याचा विश्वास होता. पुढील काळात हे दोन्ही समज खोटे ठरले. फ्रान्समधील शल्यवैद्य आंब्रवाज पारे याने गार्सियाच्या हयातीच्या सुमारासच बेझोअरची परीक्षा घेतली आणि विष घेतलेला माणूस त्या खड्याने वाचत नाही, हे दाखवून दिले. गार्सियाच्या ग्रंथातील जो भाग त्याने डोळ्यांनी पाहून लिहिला, तो आजही खरा ठरतो. जो भाग त्याने लोकांच्या सांगण्यावरून स्वीकारला, तो काळाच्या कसोटीवर उतरला नाही. त्याच्या यशाप्रमाणेच त्याच्या चुकाही आपल्याला तेच शिकवितात.

मुंबईशीही या वैद्याचे नाते होते. तेव्हा मुंबई म्हणजे नारळी व ताडांची, कोळ्यांच्या वस्तीची, दलदलीने वेढलेली लहान बेटे होती. इ. स. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबईचे बेट वार्षिक खंड ठरवून गार्सियाला दिले. पुढे जेथे इंग्रजांचा किल्ला उभा राहिला, त्याच परिसरात त्याचा वाडा होता. तेथे त्याचे एक आंब्याचे झाड होते व त्याला वर्षातून दोनदा बहर येई, असे त्याने कौतुकाने लिहिले आहे. घारापुरीची लेणीही त्याने पाहिली होती.

जवळजवळ तीस वर्षे पाहिलेले, ऐकलेले व पारखलेले ज्ञान त्याने अखेर ग्रंथरूपाने मांडले. इ. स. १५६३ च्या एप्रिल महिन्यात, गोव्यातील छापखान्यात, हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे संवाद हे त्याचे पुस्तक छापून निघाले. छपाईची कला गोव्यात येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. पुस्तकात मुद्रणदोष इतके राहिले, की शेवटी शुद्धिपत्राची कित्येक पाने जोडावी लागली! विद्वानांचा रिवाज लॅटिनमध्ये लिहिण्याचा होता. परंतु गार्सियाने आपले पुस्तक बोलीभाषेत, पोर्तुगीजमध्ये लिहिले. त्याची मांडणीही मनोरंजक आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य स्पेनहून नुकताच गोव्यास आला आहे. तो प्रत्येक गोष्टीत गेलनचा व इतर जुन्या पंडितांचा हवाला देतो. गार्सिया त्याला घरची बाग दाखवितो, बाजारातील नमुने दाखवितो, कधी स्थानिक वैद्याला बोलावून घेतो, आणि आपण प्रत्यक्ष काय पाहिले ते सांगतो. मोडशीविषयीच्या संवादात तर मध्येच एका रोग्याचे बोलावणे येते आणि दोघे वैद्य चर्चा थांबवून त्याच्याकडे जातात. असे पन्नासांहून अधिक संवाद या पुस्तकात आहेत. आपण युरोपात राहिलो असतो, तर गेलनच्या मताविरुद्ध ब्र काढण्याचेही आपल्याला धैर्य झाले नसते, असे त्याने त्यात मोकळेपणाने कबूल केले आहे. लुईश द कामोंइश या पुढे महाकवी म्हणून गाजलेल्या कवीची, छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता याच पुस्तकाच्या आरंभी आहे.

ज्या माणसाने वैद्यकात निर्भयपणे सत्य सांगितले, त्याला स्वतःच्या घरातील सत्य मात्र जन्मभर लपवावे लागले. ज्या भीतीने त्याने पोर्तुगाल सोडले, ती भीती समुद्र ओलांडून त्याच्या मागे आली. पोर्तुगालमध्ये छळ वाढल्यावर त्याची आई व बहिणी त्याच्या आश्रयाला गोव्यात आल्या होत्या. घराचे दार लावून हे कुटुंब आपल्या पूर्वजांचे सण व व्रते पाळी. इ. स. १५६० मध्ये गोव्यातही धर्मन्यायालय स्थापन झाले. मोठमोठ्या अधिकाऱ्यांचा स्नेह होता म्हणून गार्सियाला जिवंतपणी कोणी हात लावला नाही. इ. स. १५६८ मध्ये तो गोव्यात मरण पावला. मृत्यूनंतर थोड्याच काळात त्याची बहीण कातारिना हिला अटक झाली आणि दुसऱ्या वर्षी, इ. स. १५६९ च्या ऑक्टोबरात, तिला जिवंत जाळण्यात आले. तिच्या व इतर नातलगांच्या चौकशीतून गार्सियाचे गुपितही उघड झाले. इ. स. १५८० मध्ये त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून काढल्या आणि त्याही जाळून टाकल्या. ज्या हातांनी कितीएक विषबाधितांना मरणाच्या दारातून परत आणले, त्या हातांची ही अवशेषरूप हाडेही त्या काळाच्या द्वेषाने शिल्लक ठेवली नाहीत.

परंतु विचार असे जळत नाहीत. गार्सियाचे पुस्तक इ. स. १५६४ मध्ये लिस्बन येथे कारोलुस क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडले. त्याने त्याचे महत्त्व तत्काळ ओळखले आणि लॅटिनमध्ये संक्षेप करून इ. स. १५६७ मध्ये तो प्रसिद्ध केला. लॅटिनच्या द्वारे हे ज्ञान साऱ्या युरोपात पसरले. मूळ पुस्तकाच्या आज फार थोड्या प्रती उरल्या आहेत. तरी पुढे अभ्यासकांनी त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या आणि इ. स. १९१३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. गोव्यात पणजी शहराच्या मध्यभागी असलेल्या उद्यानाला त्याचे नाव देण्यात आले. ज्या भूमीत त्याच्या अस्थींना जागा मिळाली नाही, त्याच भूमीत त्याच्या नावाची झाडे उभी राहिली.

गार्सियाने ज्या वाटेने पहिली पावले टाकली, त्या वाटेने पुढे अनेक जण गेले. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेत घोड्यांना सर्पविषाची थोडी थोडी मात्रा टोचून त्यांच्या रक्तापासून विषावरील लस तयार होऊ लागली आणि सर्पकाष्ठाची जागा खऱ्या उताऱ्याने घेतली. कोकणात महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांजवळ रात्रंदिवस बसून त्यांच्या नाडीचा, रक्तदाबाचा व हृदयाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग शोधून कितीतरी मुलांचे प्राण वाचविले. त्यांच्या हाती गार्सियापेक्षा फार चांगली साधने होती. रीत मात्र तीच होती. आधी रोग्याजवळ बसावे, नीट पाहावे, पाहिलेले जसेच्या तसे लिहावे; आणि ग्रंथातील वचन व डोळ्यांसमोरचा रोगी यांत विरोध दिसला, तर रोग्यावर विश्वास ठेवावा. वैद्यकविद्येचे सारे धैर्य या एका गोष्टीत साठविलेले आहे.